उच्चबल पोलादावरील दुरुस्ती वेल्डिंग

दुरुस्ती वेल्डिंग म्हणजे तडा गेलेला, झिजलेला किंवा सदोष जोड असलेला पोलादी भाग संपूर्ण न बदलता, त्यातील खराब धातू काढून टाकून त्या जागी वितळलेला नवा धातू भरण्याची क्रिया. मराठी शास्त्रीय ग्रंथांत वेल्डिंगसाठी 'वितळजोडकाम' असा शब्द आढळतो. परंतु मोठ्या कारखान्यापासून रस्त्याकडेच्या टपरीपर्यंत 'वेल्डिंग' हाच शब्द रुळला असल्याने या लेखात तोच योजला आहे. दुरुस्तीनंतर भाग वरकरणी पूर्ववत दिसतो. त्याचे यांत्रिक गुणधर्म, म्हणजे ताणबल, कठिनता, चिवटपणा आणि शिणवटा सोसण्याची क्षमता, पूर्ववत होतातच असे नाही. पोलाद जितके अधिक बलवान, तितकी ही शंका अधिक गंभीर असते. भरलेला धातू सहसा दगा देत नाही. दगा देतो तो त्याला लागून असलेला, न वितळलेला पण तापलेला मूळ पोलादाचा अरुंद पट्टा.

उच्चबल पोलादाचे स्वरूप

ताण देत गेल्यास पोलाद प्रथम स्थितिस्थापक राहते आणि एका मर्यादेनंतर कायमचे लांबू लागते. या मर्यादेला यील्ड मर्यादा म्हणतात. घरबांधणीत व साध्या फॅब्रिकेशनमध्ये वापरल्या जाणाऱ्या मृदू पोलादात ती सुमारे २५० मेगापास्कल असते. आयएस २०६२ या भारतीय मानकातील ई २५० ही श्रेणी या मर्यादेवरूनच ओळखली जाते. त्याच मानकात ई ३५०, ई ४५० अशा चढत्या श्रेणीही आहेत. क्रेनचे बाहू, खाणकामातील डंपर, मोठे पूल व दाबपात्रे यांसाठी याहून पुष्कळ अधिक बलाची पोलादे वापरतात. युरोपीय मानकातील एस ६९० क्यूएल या पोलादाची किमान यील्ड मर्यादा ५० मिमी जाडीपर्यंत ६९० मेगापास्कल, म्हणजे मृदू पोलादाच्या पावणेतीन पटींहून थोडी अधिक आहे.

हे बल कोठून येते, हे समजल्याशिवाय वेल्डिंगचा परिणाम समजत नाही. केवळ कार्बन वाढवूनही पोलाद बलवान होते, पण ते ठिसूळ होते आणि वेल्डिंगला प्रतिकूल ठरते. म्हणून आधुनिक उच्चबल पोलादांत कार्बन कमी ठेवतात आणि बल उष्णता-संस्करणातून मिळवतात. प्लेट सुमारे ९००° से. तापवून पाण्याच्या फवाऱ्याने एकदम थंड करतात आणि मग बेताच्या उष्णतेवर पुन्हा तापवून तिचा ठिसूळपणा उतरवतात. गावचा लोहार कोयत्याला किंवा कुदळीला 'पाणी देतो' ते याच जातीचे काम आहे. पोलादगिरणी ते संपूर्ण प्लेटभर आणि मोजून करते, इतकाच फरक. वेल्डिंगची ज्योत या प्लेटवर पडते, तेव्हा गिरणीने दिलेले पाणी त्या जागी उतरते आणि हवामान, प्लेटची जाडी व वेल्डरचा हात मिळून तिला दुसरेच पाणी देतात.

उष्णताबाधित पट्टा

वेल्डिंगच्या कमानीखाली धातू सुमारे १,५००° से.च्या वर जाऊन वितळतो. वितळलेल्या भागापासून दूर जावे तसे तापमान झपाट्याने उतरते, आणि काही मिलीमीटर रुंदीच्या पट्ट्यात पोलादाची चार निरनिराळी रूपे शेजारी शेजारी तयार होतात. वितळरेषेला लागून, जेथे तापमान सुमारे १,१००° से.हून अधिक झाले, तेथे स्फटिककण वाढून भरड होतात. त्यापुढे सुमारे ९००° से.पर्यंत तापलेल्या भागात कण उलट बारीक होतात. हा भाग बहुधा निर्दोष असतो. ९०० ते ७२०° से.च्या दरम्यान पोलादाचे रूपांतर अर्धवटच होते. त्याखालच्या भागात रूपांतर होत नाही, पण गिरणीने दिलेले संस्करण पुढे चालू राहते आणि पोलाद मऊ पडते.

यांतील पहिला, भरड कणांचा भाग सर्वांत धोक्याचा. कण मोठे झाले की तडा अडण्याच्या जागा कमी होतात. शिवाय असे पोलाद थंड होताना मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण व ठिसूळ संरचना धारण करण्याकडे झुकते. शेवटचा भाग धोक्याचा आहे तो उलट कारणाने. तेथे बल घटते. म्हणजे एकाच जोडाच्या एका काठावर पोलाद प्रमाणाबाहेर कठीण आणि त्यापासून काही मिलीमीटरवर प्रमाणाबाहेर मऊ अशी स्थिती येते.

याचा घरगुती अनुभव ट्रक-ट्रॉलीच्या कमानीच्या पाट्यांत मिळतो. पाट्याच्या पोलादात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के असतो. तुटलेला पाटा वेल्डिंग करून बसवला की तो थोड्याच दिवसांत पुन्हा तुटतो, आणि तुटतो तो जोडावर नव्हे, जोडाच्या अगदी शेजारी. 'जोड पक्का होता, पाटाच खराब निघाला' असे अशा वेळी म्हटले जाते. पाटा खराब निघालेला नसतो. जोडाने तो खराब केलेला असतो.

निव्वळ ताण-चाचणी हा दोष क्वचितच उघड करते. मऊ पट्टा अरुंद असेल तर दोन्ही बाजूंचे बलवान पोलाद त्याला आवळून धरते, त्यामुळे नमुन्याचे ताणबल फारसे घटत नाही. दुरुस्ती यशस्वी झाल्याचे प्रमाणपत्र केवळ ताण-चाचणीवर देणे म्हणूनच अपुरे आहे. खरा फरक दिसतो कठिनतेत आणि शार्पी आघात-चाचणीत, जिच्यात खाच पाडलेला नमुना एका झुलत्या हातोड्याने तोडून त्यात शोषली गेलेली ऊर्जा मोजतात.

थंड होण्याचा वेग

पट्ट्याचे भवितव्य प्रामुख्याने ८०० ते ५००° से. या टप्प्यातून तो किती वेळात उतरतो यावर ठरते. फार लवकर उतरला तर मार्टेन्साइट आणि त्यासोबत तडे. फार सावकाश उतरला तर भरड कण, मऊपणा आणि चिवटपणाची हानी. मृदू पोलादाला या दोहोंमधली वाट प्रशस्त असते. एस ६९० सारख्या पोलादाला ती अरुंद आहे; सर्वसाधारणपणे ५ ते २० सेकंदांच्या आसपास हा कालावधी राहावा असा प्रयत्न करतात.

हा कालावधी उष्णतेचा पुरवठा, प्लेटची जाडी आणि आरंभीचे तापमान यांवर अवलंबून असतो. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार ६० ने गुणून दर मिनिटाच्या गतीने भागला की एक मिलीमीटर जोडाला मिळालेली ऊर्जा निघते. २४ व्होल्ट, १५० अँपिअर आणि मिनिटाला १५० मिमी गती असल्यास ती १,४४० जूल, म्हणजे १.४४ किलोजूल येते. हाताने चालवायच्या इलेक्ट्रोडच्या बाबतीत त्यातील सुमारे ८० टक्के प्रत्यक्ष पोलादात उतरते असे धरतात. गती दुप्पट केली की ऊर्जा निम्मी. वेल्डरच्या हाताच्या चालीला इतके महत्त्व आहे.

दुरुस्तीत ही वाट चुकण्याचा संभव नव्या बांधणीपेक्षा अधिक असतो. नव्या कामात लांब जोड सलग चालतात आणि भाग आपोआप तापलेला राहतो. दुरुस्तीत बहुधा एखाद्या जाड, थंड प्लेटमध्ये वीतभर लांबीची खाच भरायची असते. सभोवतालचे सारे पोलाद उष्णता शोषून घेते आणि छोटा जोड पाण्यात बुडवल्यासारखा निवतो. शिवाय काम उघड्यावर, उंचावर, वाऱ्यात, अवघडलेल्या अंगाने आणि यंत्र लवकर सुरू करण्याच्या घाईत होते.

अवशिष्ट प्रतिबलांचीही तीच गोष्ट. वितळलेला धातू निवताना आक्रसतो. भोवतालचा ताठर भाग त्याला आक्रसू देत नाही. परिणामी जोडात जवळजवळ यील्ड मर्यादेइतके ताण कायमचे कोंडून राहतात. लहान दुरुस्तीत जोडाला आडवे असणारे हे ताण लांब दुरुस्तीपेक्षा अधिक तीव्र असू शकतात. लहानसे ठिगळ निर्धोक, ही सर्वसामान्य समजूत येथे लागू पडत नाही.

हायड्रोजनमुळे पडणारे तडे

दमट इलेक्ट्रोड, गंज, तेल, रंग किंवा हवेतील बाष्प यांतून हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. निवताना तो अणुरूपाने बाजूच्या कठीण पट्ट्यात झिरपतो आणि ताणलेल्या जागी साचून पोलादाला आतून ठिसूळ करतो. हायड्रोजन, कठीण संरचना आणि ताण ही तिन्ही एकत्र आली आणि भाग सुमारे १५०° से.च्या खाली उतरला की तडा जातो. हा तडा तत्काळ पडतोच असे नाही. तो काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही पडतो. म्हणून उच्चबल पोलादावरील दुरुस्तीची अंतिम तपासणी ४८ तास थांबून करण्याचा प्रघात आहे. संध्याकाळी जोड पूर्ण, रात्री तपासणी आणि सकाळी यंत्र सुरू, या क्रमात रात्रीच्या तपासणीला अर्थ उरत नाही.

पोलाद कितपत कठीण होईल याचा अंदाज त्याच्या कार्बन-तुल्यांकावरून बांधतात. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेचे सूत्र असे: कार्बन + मँगॅनीज/६ + (क्रोमियम + मॉलिब्डेनम + व्हॅनेडियम)/५ + (निकेल + तांबे)/१५, सर्व आकडे टक्क्यांत. हा अंक ०.४ च्या वर जाऊ लागला की काळजी घ्यावी लागते. उपरोक्त कमानपाट्यात केवळ कार्बननेच ही मर्यादा ओलांडलेली असते.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील किंग्ज ब्रिज हे या प्रकारच्या तड्यांचे सुपरिचित उदाहरण आहे, यद्यपि तेथील जोड दुरुस्तीचे नव्हते. १९६१ मध्ये खुला झालेला हा पूल १० जुलै १९६२ रोजी, तेथील हिवाळ्यात, सुमारे ४५ टनांचे वाहन जात असता खचला. त्याचे तुळईपट्टे त्या काळच्या उच्चबल पोलादाचे होते, आणि ताण सोसणाऱ्या बाजूला लावलेल्या जादा पट्ट्यांच्या टोकांशी जे आडवे जोड होते, त्यांच्या पायथ्यापासून तडे निघाले होते. खालच्या भिंतींनी पूल तोलून धरल्याने जीवितहानी झाली नाही.

रोमिओव्हिलची दुर्घटना

दुरुस्तीच्या जोडाने काय होऊ शकते याचा सर्वांत सविस्तर तपासलेला दाखला अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शिकागोजवळच्या रोमिओव्हिल येथील तेलशुद्धीकरण कारखान्याचा आहे. युनियन ऑइल कंपनीच्या या कारखान्यात प्रोपेन व ब्यूटेन वायूंतून हायड्रोजन सल्फाइड काढून टाकणारे एक शोषण-पात्र होते. सुमारे १८.८ मी. उंच, २.६ मी. व्यासाचे हे उभे पात्र २५ मिमी जाडीच्या ए ५१६ श्रेणी ७० या पोलादाचे होते आणि १९७० मध्ये कामास लागले. १९७४ मध्ये त्याच्या खालच्या भागातील सुमारे २.४ मी. उंचीचे एक संपूर्ण कडे जागेवरच कापून काढून नवे कडे वेल्डिंगने बसवण्यात आले. जोडानंतर भाग तापवून ताण उतरवण्याचे संस्करण केलेले नव्हते. या जाडीच्या या पोलादाला ते नियमानुसार सक्तीचेही नव्हते.

हे पोलाद उच्चबल गटातले नाही, हे येथे मुद्दाम सांगायला हवे. त्याची किमान यील्ड मर्यादा केवळ २६० मेगापास्कल. तरीही दुरुस्तीच्या जोडाच्या काठावर, भरड कणांच्या पट्ट्यात, कठिनता रॉकवेल सी मापनात ४० च्या वर गेलेली आढळली. हायड्रोजन सल्फाइडच्या सान्निध्यातील पोलादाची कठिनता या मापनात २२ च्या आत असावी असा उद्योगातील दंडक आहे. या पात्रात तर हायड्रोजनचा पुरवठा वेल्डिंगपुरता नव्हता. आतील रसायनच तो दहा वर्षे पुरवीत राहिले.

२३ जुलै १९८४ रोजी एका कामगाराला पात्राच्या अंगावर सुमारे १५० मिमी लांबीची आडवी चीर आणि तीतून निसटणारा वायू दिसला. तो झडप बंद करू लागला. तेवढ्यात चीर वाढत सुमारे ६०० मिमी झाली. परिसर रिकामा करण्यास सुरुवात झाली आणि कारखान्याचे अग्निशामक दल येऊन पोहोचत असतानाच पात्र आडवे फाटले व वायूने पेट घेतला. पात्राचा वरचा भाग सुमारे १ किमी दूर जाऊन पडला. १७ जण मृत्युमुखी पडले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे तत्कालीन नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌सने, पात्राच्या तुकड्यांची तपासणी केली. फाटलेली कड दुरुस्तीच्या जोडाच्या उष्णताबाधित पट्ट्यातूनच गेली होती. तेथे आधीपासूनच सुमारे ८०० मिमी लांबीचा तडा होता आणि तो भिंतीच्या जाडीचा ९० टक्क्यांहून अधिक भाग पोखरून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत जवळजवळ पोहोचला होता. पात्रातील दाब नेहमीचाच, सुमारे १.४ मेगापास्कल होता. त्या दाबाने भिंतीत उभ्या दिशेने उत्पन्न होणारे प्रतिबल केवळ ३५ मेगापास्कल भरते. पोलादाच्या यील्ड मर्यादेच्या सातव्या हिश्श्याहूनही ते कमी आहे. ताणबलाच्या हिशेबाने पात्र पुरेसे सुरक्षित होते. जोडाच्या काठाचा चिवटपणा त्या हिशेबात धरलेलाच नव्हता.

पुनःपुन्हा केलेली दुरुस्ती

एकदा दुरुस्त केलेला भाग पुन्हा तडकला की वेल्डर तो पुन्हा खोदून भरतो. प्रत्येक वेळी नवा उष्णताबाधित पट्टा जुन्यावर पडतो. जुन्या जोडाचा भरड भाग नव्या जोडामुळे ७२० ते ९००° से.च्या दरम्यान पुन्हा तापला, तर कणांच्या सीमांवर कठीण मार्टेन्साइटची सूक्ष्म बेटे तयार होतात आणि आधीच भरड असलेल्या पोलादाचा चिवटपणा आणखी खालावतो. या ठिकाणांचा आकार मिलीमीटरच्या अंशाइतका असतो. शार्पी नमुन्याची खाच नेमकी तेथे पडली तरच ती सापडतात. म्हणून एकाच जोडाच्या तीन नमुन्यांपैकी दोन उत्तम आणि एक अगदीच कमी, असे निकाल आले तर तो मोजणीतील अपघात मानून सोडून देऊ नये.

वारंवार दुरुस्तीवरील प्रयोगांचे निष्कर्ष पोलादागणिक वेगळे आहेत. ताणबल व कठिनता बहुधा थोडीच बदलते. आघातबल अधिक घटते. मऊ पट्टा रुंदावतो. अनेक उद्योगांत एकाच जागी दोन दुरुस्त्यांनंतर तज्ज्ञ अभियंत्याच्या संमतीविना तिसरी करू देत नाहीत. ही मर्यादा काहीशी रूढीची असली तरी तिचा एक फायदा निर्विवाद आहे: तडा पुन्हा का गेला, हा प्रश्न कोणाला तरी विचारावा लागतो.

शिणवटा

वारंवार कमी-अधिक होणाऱ्या भाराखाली धातू त्याच्या ताणबलापेक्षा पुष्कळ कमी प्रतिबलावर तुटतो. याला शिणवटा म्हणतात. न जोडलेल्या, गुळगुळीत पोलादात बल वाढले की शिणवटा सोसण्याची क्षमताही वाढते. जोड असलेल्या पोलादात ती वाढत नाही. जोडाच्या पायथ्याशी असलेल्या सूक्ष्म खाचा व कोंडलेले ताण इतके प्रभावी असतात, की केवळ वेल्डिंग करून सोडलेला जोड मृदू पोलादावर असो वा ६९० मेगापास्कलच्या, शिणवट्याची मर्यादा जवळपास एकच राहते. संरचनांच्या आरेखनाचे नियमही ती पोलादाच्या बलानुसार बदलीत नाहीत.

दुरुस्तीच्या दृष्टीने याचा अर्थ कठोर आहे. महागडे पोलाद वापरून पातळ व हलका केलेला क्रेनचा बाहू अधिक प्रतिबलावर काम करीत असतो. त्यावर जोड नसलेल्या जागी एखादी कडी, पट्टी किंवा ठिगळ जोडले की त्या जागेची शिणवटा-क्षमता मृदू पोलादाच्या पातळीवर येते. भार मात्र उच्चबल पोलादाचाच राहतो. ट्रकच्या चासीवर मनमानी वेल्डिंग करू नये असे उत्पादक बजावतात त्यामागे हे एक कारण आहे. जोडाचा पायथा ग्राइंडरने घासून गुळगुळीत करणे किंवा लहान हातोड्यांच्या जलद ठोक्यांनी तेथे दाब-प्रतिबल निर्माण करणे, या उपायांनी हानी बरीच भरून निघते.

दुरुस्तीची पद्धत

कामाचा आरंभ इलेक्ट्रोडने नव्हे, पोलादाच्या ओळखीने होतो. भागाची श्रेणी ठाऊक नसेल तर रासायनिक विश्लेषण करून घेतात. त्यानंतर तडा मुळापासून काढतात. कार्बन-कमानीने खोदल्यास पृष्ठभागावर कार्बन मिसळलेला कठीण थर उरतो, तो घासून काढणे आवश्यक असते. ही पायरी फार वेळा गाळली जाते. तडा खरोखर संपला की नाही हे रंगद्रव्याच्या किंवा चुंबकीय कणांच्या चाचणीने पाहतात. तळाशी उरलेला केसाएवढा तडा नव्या जोडाखाली झाकला जातो, बरा होत नाही.

जाड उच्चबल प्लेट वेल्डिंगपूर्वी सुमारे १०० ते १५०° से. तापवतात. केवळ खाच नव्हे, तिच्या दोन्ही बाजूंना सुमारे ७५ मिमीपर्यंतचा भाग त्या तापमानाला आलेला असावा लागतो. दोन थरांमधील तापमानालाही वरची मर्यादा असते, अन्यथा पट्टा मऊ पडतो. ई ७०१८ सारखे कमी हायड्रोजनचे इलेक्ट्रोड ३००° से.हून अधिक तापमानाच्या भट्टीत सुकवून, गरम डब्यातून एकेक काढून वापरतात. याचे ताणबल सुमारे ४९० मेगापास्कल असल्याने ते एस ६९० ला बलाने जुळत नाही. तरीही तळाच्या थरांसाठी काही वेळा मुद्दाम असा मऊ धातू निवडतात, कारण तो स्वतः थोडा लांबून शेजारच्या पट्ट्यावरील ताण हलका करतो. जोडाबाहेर इलेक्ट्रोड टेकवून ठिणगी पाडण्याची सवय उच्चबल पोलादावर घातक आहे. तशा प्रत्येक ठिपक्याखाली कठीण, तडकू पाहणारा बिंदू राहतो.

वेल्डिंगनंतर पुन्हा तापवून ताण उतरवणे हा उपाय सरसकट लागू नाही. रोमिओव्हिलच्या पात्रासारख्या कार्बन पोलादाला सुमारे ६००° से.वरील संस्करण लाभदायक असते. पाणी दिलेल्या पोलादाला मात्र गिरणीत दिलेल्या अंतिम तापमानापेक्षा अधिक तापवले तर संपूर्ण भागाचेच बल उतरते. जेथे भाग भट्टीत नेणे अशक्य असते तेथे थर अशा बेताने रचतात, की प्रत्येक वरच्या थराची उष्णता खालच्या थराच्या कठीण पट्ट्याला मऊ करील. या पद्धतीला टेंपर-बीड म्हणतात. ती वेल्डरच्या कौशल्याची कसोटी पाहते आणि तिची आधी तशाच पोलादाच्या तुकड्यावर तालीम घेतात.

तपासणी

४८ तासांनंतर पृष्ठभागासाठी चुंबकीय कणांची आणि अंतर्भागासाठी श्राव्यातीत ध्वनीची चाचणी करतात. कठिनता मोजताना मोजबिंदू भरलेल्या धातूच्या मध्यावर न घेता वितळरेषेच्या काठाने घ्यावे लागतात. विकर्स मापनात ३५० हा आकडा दीर्घकाळ सामान्य पोलादांसाठी सावधानतेची रेषा मानला गेला. पाणी दिलेल्या उच्चबल पोलादांसाठी वेल्डिंग-पद्धतीच्या मान्यतेचे आंतरराष्ट्रीय मानक ४५० पर्यंत मुभा देते. हायड्रोजन सल्फाइडचा संबंध असेल तर मर्यादा २५० च्या आसपास येते. दुरुस्तीची जागा, खोली, वापरलेले इलेक्ट्रोड, तापमाने आणि ती कितवी दुरुस्ती आहे यांची नोंद भागाच्या कागदपत्रांत ठेवतात, कारण नीट घासून रंगवलेला जोड काही वर्षांनी तेथे आहे हेदेखील डोळ्यांना ओळखता येत नाही.